भेडाघाट
भेडाघाट : मध्य प्रदेश राज्याच्या जबलपूर जिल्ह्यातील नर्मदातीरावरील ऐतिहासिक व निसर्गरम्य स्थळ. हे जबलपूरच्या पश्चिमेस सु. २० किमी. अंतरावर असून धुवाँधार धबधबा, संगमरवरी कडे आणि चौसष्ट योगिनींचे मंदिर यांसाठी प्रसिद्ध आहे.

येथे नर्मदा अरुंद पात्रातून वेगाने खाली कोसळते. तिचे तुषार धुराप्रमाणे दिसत असल्यामुळे धबधब्यास ‘धुवाँधार’ हे नाव पडले. मोठ्या पुरात मात्र प्रपात पाण्याखाली जातो. धबधब्याच्या खालील बाजूस सु. ३ किमी. लांबीची संगमरवरी घळई आहे. पावसाळ्याखेरीज पंचवटी घाटावरून नावेने ती पाहता येते.

भेडाघाटाजवळील तेवर म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी होय. टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार, छत नसलेले मंदिर त्यांच्याच राजवटीत, सर्वसाधारणपणे दहाव्या शतकात बांधले गेले. नाव चौसष्टांचे असले, तरी त्यात ८१ योगिनींची योजना होती. बहुतेक मूर्ती भग्न असल्या, तरी पीठांवरील कामदा, सर्वतोमुखी, तेरंबा यांसारख्या कोरीव नावांवरून अनेकींची ओळख पटते. प्रांगणातील गौरीशंकर मंदिर नंतरच्या काळातील असून त्यात नंदीवर आरूढ शिवपार्वतींची मूर्ती आहे.

येथील सर्वांत महत्त्वाचे लिखित साधन म्हणजे गयाकर्ण राजाची राणी अल्हणदेवी हिचा कलचुरी संवत् ९०७ (इ. स. ११५५) मधील शिलालेख. तो तिचा पुत्र नरसिंह याच्या कारकीर्दीतील आहे. राणीने शिवमंदिर, मठ व व्याख्यानशाळा बांधून त्यांच्या खर्चासाठी दोन गावे दिली आणि व्यवस्था लाटान्वयातील पाशुपत तपस्वी रुद्रराशी याच्याकडे सोपविली, असे त्यात नमूद आहे. उपासना, अध्ययन व ग्रामीण उत्पन्न यांची सांगड घालणारी ही संस्था होती, हे यावरून स्पष्ट होते. मूळ शिला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली. कलचुरी लेखांचे साक्षेपी संपादन नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी केले. ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेराव्या शतकाच्या आरंभी कलचुरी सत्ता लयास गेली. पुढे हा प्रदेश गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडे होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी तो जिंकला. १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७-१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

भेडाघाटाच्या वरील बाजूस नर्मदेवर बरगी धरण आहे. सु. ६९ मी. उंच व ५ किमी.हून अधिक लांब असलेल्या या धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे सिंचन व वीजनिर्मितीची सोय झाली. परंतु मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली व विस्थापितांत गोंड आदिवासींची संख्या मोठी होती. बाराव्या शतकात दोन गावांच्या उत्पन्नावर येथील मठ व व्याख्यानशाळा चालत. विसाव्या शतकात त्याच नदीच्या पाण्यासाठी अनेक गावांना आपली भूमी सोडावी लागली. भेडाघाटाचा इतिहास पाहताना या दोन्ही घटना ध्यानात घ्याव्या लागतात.

कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. मऊ दगडाच्या कोरीव वस्तू बनविणे हा येथील प्रमुख हस्तव्यवसाय आहे. भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला.