सह्याद्रीच्या पाषाणाची साक्ष

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची जीवनदात्री कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते. तिच्या वाळवंटांत लोहचुंबक फिरविला, तर त्याला काळ्या रेतीचे बारीक कण चिकटतात. मुलांना तो खेळ वाटतो; परंतु अशाच कणांनीं विसाव्या शतकांतील एका मोठ्या शास्त्रीय वादांत साक्ष दिली आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला शिलारस. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं तो भूगर्भांतून वर येऊन थरावर थर पसरत गेला. पोलादपूरहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास चढतांना हे थर प्रचंड पायऱ्यांसारखे दिसतात. भूशास्त्रज्ञांनीं या वरच्या थरसमूहास ‘वाई’ हेंच नांव दिलें असून, पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर हे त्याचे पोटविभाग होत.

सर्वच द्रव्यें चुंबकाशीं सारखीं वागत नाहींत. पेन्सिलींतील ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच, चुंबकापासून किंचित् दूर सरतें. कातळांतील मॅग्नेटाइट मात्र त्याकडे ओढलें जातें. लोह व प्राणवायु यांचें हें संयुग सुमारें ५८० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें कीं हा गुण गमावतें. शिलारस तर १,००० अंशांहूनहि तप्त. तो निवत असतां त्यांतील कण चुंबकित होतात आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तत्कालीन दिशा त्यांत मुद्रित होते. ही मुद्रा टिकविण्यांत मोठ्या कणांहून सूक्ष्म कणच सरस ठरतात. मोठ्या कणांत भिन्न दिशांचे अनेक विभाग पडतात व त्यांची स्मृति लवकर ढळते. मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढ्या कणांत मात्र बहुधा एकच विभाग असतो. तो कोट्यवधि वर्षें ठाम राहूं शकतो.

चालू काळाची चुंबकीय दिशा वेधशाळा नोंदवितात. विजेच्या ट्रामगाड्यांमुळें मुंबईंतील कुलाब्याच्या नाजुक नोंदी बिघडतील हें ओळखून, नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली. गतकाळाची दिशा मात्र कातळालाच विचारावी लागते. १९०६ मध्यें फ्रान्सांत बर्नार्ड ब्रून्ह यांना, पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पूर्वीं उलट होते असें सांगणारे खडक आढळले.

आल्फ्रेड वेगेनर यांनीं १९१२ मध्यें, खंडें सरकतात, असा सिद्धान्त मांडला. तीं कोणत्या शक्तीनें सरकतात याचें समाधानकारक उत्तर नसल्यानें बहुतेक विद्वानांनीं तो मानला नाहीं, आणि १९३० सालीं वेगेनर निवर्तले तेव्हांहि वाद मिटलेला नव्हता. पुढें १९५० नंतर केंब्रिजचे एडवर्ड अर्व्हिंग यांनीं, आणि ब्लॅकेट यांच्या लंडन येथील मंडळांतील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं दख्खनचे दगड तपासले. या मंडळाचा लेख १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांनीं डॉइच यांच्यासह तें कार्य पुढें चालविलें.

निष्कर्ष विस्मयकारक होता. आज साताऱ्यास चुंबकसूचीचें उत्तर टोंक क्षितिजाखालीं झुकतें. महाबळेश्वरच्या माथ्याजवळील थरांत तें वर उचललेलें आढळतें. खालच्या बहुतेक थरांत तर दिशाच उलटलेली आहे. दक्षिण गोलार्धांत निवालेल्या कातळाचींच हीं लक्षणें. या झुकावावरून त्या वेळचें अक्षांश काढतां येतें, आणि तें दक्षिणेस सुमारें ३० अंश भरतें. म्हणजे पायाखालची ही भूमि तेव्हांपासून सुमारें ५,००० किलोमीटर उत्तरेस सरकली आहे. जगांतील इतर खंडांच्या खडकांनींहि अशीच साक्ष दिली, समुद्रतळाचे पुरावे पुढें आले, आणि वेगेनर यांची मूळ कल्पना अखेर मान्य झाली.

मात्र या साक्षीला एक अट आहे. दगड फोडण्यापूर्वीं त्यावर उत्तर दिशा व क्षितिजाची पातळी कोरून घ्यावी लागते. वाईच्या घाटाच्या पायऱ्या आणि सांगलीचें गणपतिमंदिर यांच्या काळ्या पाषाणांतहि चुंबकित कण आहेत. पण पाथरवटानें चिरा फिरविला तेव्हांच त्याची मूळ दिशा हरवली. डोंगर खाणींत गेला तर दगड उरेल, साक्ष उरणार नाहीं. म्हणून घाटरस्ता रुंद करतांना, सुरुंग लावण्यापूर्वीं थराची नोंद होणें अगत्याचें आहे. शिलालेख फुटूं नये म्हणून आपण जपतों. हाहि एक शिलालेखच आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाहीं.