कीटोनमेह व अतिसार : संशोधनाचा इतिहास आणि माणदेश

मूत्रातून कीटोन द्रव्ये बाहेर पडण्याच्या स्थितीला कीटोनमेह म्हणतात, तर वारंवार पातळ मलोत्सर्ग होण्याला अतिसार म्हणतात. पहिली स्थिती शरीरातील इंधनाच्या तुटवड्याची खूण आहे. दुसरी पाणी व लवणे यांच्या नाशाची. दोन्ही एकाच रुग्णात अनेकदा आढळत असल्याने त्यांचा परस्परसंबंध लावताना वैद्यकाला दीर्घकाळ चाचपडावे लागले. माणसे आणि जनावरे यांवरील संशोधन या बाबतीत एकमेकांस पूरक ठरले. हा इतिहास समजून घेण्यास सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यासारखा अवर्षणप्रवण प्रदेश विशेष उपयोगी आहे. कारण उपासमार, दूषित पाणी आणि चाऱ्यातील अचानक बदल ही तिन्ही कारणे तेथे दुष्काळात एकत्र येतात.

कीटोन द्रव्ये : ॲसिटोॲसिटिक अम्ल, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्ल व ॲसिटोन ही ती तीन द्रव्ये होत. आहारातून पुरेशी कार्बोहायड्रेटे मिळाली नाहीत किंवा मिळूनही मधुमेहातल्याप्रमाणे त्यांचा वापर झाला नाही, तर शरीर साठविलेली मेदद्रव्ये खर्च करू लागते. यकृतात मेदाम्लांचे विघटन होऊन कीटोन द्रव्ये तयार होतात. ती रक्तात साचली की मूत्रावाटे बाहेर पडतात. श्वासाला व मूत्राला येणारा गोडसर, फळासारखा वास ॲसिटोनचा असतो.

प्रागमधील व्हिल्हेल्म पेटर्स यांनी १८५७ मध्ये मधुमेही रुग्णाच्या मूत्रात ॲसिटोन असल्याचे दाखविले. १८६५ मध्ये कार्ल गेर्हार्ट यांनी फेरिक क्लोराइड घातल्यावर अशा मूत्राला गडद तांबडा रंग येतो, हे निदर्शनास आणले. आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये मधुमेही बेशुद्धीतील खोल व धापेच्या श्वसनाचे वर्णन केले. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक अम्लाची ओळख १८८४ मध्ये ओस्कार मिंकोव्हस्की व एडुआर्ट क्यूल्त्स यांनी पटविली. ऑस्ट्रेलियातील आर्थर रोथेरा यांनी १९०८ मध्ये सोडियम नायट्रोप्रुसाइड व अमोनिया वापरून जांभळा रंग देणारी परीक्षा सुधारून दिली. या परीक्षेला थोडीच साधने लागत असल्याने ती पुढे रुग्णालयाइतकीच गोठ्यातही रूढ झाली. गाईचे मूत्र वा दूध घेऊन पशुवैद्य जागच्या जागी निदान करू लागले.

प्रारंभी कीटोन द्रव्यांकडे केवळ विष म्हणून पाहिले जाई. ही समजूत विसाव्या शतकात बदलली. १९६७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनी दीर्घ उपवासात मेंदू मोठ्या प्रमाणात कीटोन द्रव्यांवरच चालतो, असे सिद्ध केले. स्नायूंमधील प्रथिने वाचवून जीव टिकविण्याची ही शरीराची योजना आहे. तिचा ताबा सुटला, म्हणजे इन्शुलिन नसले, तरच ती प्राणघातक ठरते.

अतिसार व अम्लरक्तता : आयुर्वेदात चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत अतिसाराचा स्वतंत्र विचार आहे. आमावस्थेत लंघन आणि त्यानंतर पेयेसारखा हलका द्रव आहार, असा तेथील क्रम आहे. लोकव्यवहारात मात्र यातील लंघनच अधिक टिकले व पेया मागे पडली. हगवण लागलेल्या मुलाचे अन्न आणि कधी पाणीही तोडण्याची चाल अनेक घरांत रूढ झाली. पाश्चात्त्य वैद्यकातही अतिसारात आतड्यास विश्रांती देण्याची पद्धत विसाव्या शतकात बराच काळ चालू होती.

अतिसाराने अत्यवस्थ झालेली अर्भके खोल श्वास घेतात व त्यांच्या मूत्रात अनेकदा कीटोन द्रव्ये सापडतात. या दोन लक्षणांवरून मधुमेहाप्रमाणे येथेही कीटोन द्रव्यांमुळेच रक्त आम्ल होत असावे, असा तर्क साहजिक होता. अमेरिकेतील जॉन हाउलंड व विल्यम मॅकिम मॅरियट यांनी १९१६ मध्ये तो तपासून पाहिला. अर्भकांच्या रक्तातील अल्कलीचा साठा घटलेला त्यांना आढळला. पण त्याचे कारण कीटोन द्रव्ये नव्हती. पुढे स्पष्ट झाले, की मलावाटे बायकार्बोनेट वाहून जाते आणि पाणी घटल्याने मूत्रपिंडांचे कार्यही मंदावते. मूत्रातील कीटोन द्रव्ये बहुतांशी उपाशीपणाची निदर्शक होती. म्हणजे अन्न तोडण्याचा उपचारच ते लक्षण वाढवीत होता.

भारतातील कार्य : पटकीच्या रुग्णाच्या रक्तातील पाणी व लवणे घटतात, हे विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये दाखविले व टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून लवणजल देऊन पाहिले. कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा उपचार पद्धतशीरपणे राबविला. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून पटकीच्या जंतूचे विष आतड्यात द्रव ओतते, हे सिद्ध केले. आतड्यात ग्लुकोज व सोडियम यांचे शोषण जोडीने होते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले होते. त्यावर आधारित तोंडाने द्यावयाच्या द्रावणाची उपयुक्तता १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी प्रस्थापित केली. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅ. ग्लुकोज, ३·५ ग्रॅ. मीठ व २·५ ग्रॅ. खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या बांधून त्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिल्या. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्युप्रमाण ३·६ टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे तांदळाच्या पिठाचे द्रावणही पटकीत गुणकारी असल्याचे आढळले व जुन्या पेयेचा एक प्रकारे पुनर्विचार झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये कमी तर्षणाचे द्रावण स्वीकारले आणि २००४ मध्ये त्याच्या जोडीला जस्त देण्याची शिफारस केली. अतिसारात स्तनपान व आहार चालू ठेवावा, हे आता सर्वमान्य आहे.

जनावरांतील संशोधन : रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यातून फारच थोडे ग्लुकोज शोषले जाते. पहिल्या कोठीपोटात चाऱ्याचे किण्वन होऊन तयार होणाऱ्या प्रोपिऑनिक अम्लापासून त्यांचे यकृत ग्लुकोज बनविते. त्यामुळे व्याल्यानंतरच्या काही आठवड्यांत भरपूर दूध देणाऱ्या गाईस, तसेच जुळी वा तिळी पोटात असलेल्या मेंढी-शेळीस, चारा थोडा कमी पडला तरी कीटोनमेह जडतो. गाय खुराक सोडते, दूध आटते व शेण बहुधा घट्ट होते. गाभण मेंढी सुस्त होऊन अडखळते व अखेर पडून राहते. शिरेतून ग्लुकोज व तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल हे उपाय यावर रूढ आहेत.

सांगोला परिसर हा खिल्लार गुरांच्या पैदाशीच्या प्रदेशात मोडतो. खिल्लार बैल कामास चिवट. पण गाय दुधास बेताची, म्हणून तिला हा विकार क्वचितच होतो. १९७० नंतर दुग्धविकासाबरोबर संकरित गाई वाढल्या व त्यांच्याबरोबर हा विकारही गोठ्यात आला. उस्मानाबादी शेळीत जुळ्यांचे प्रमाण मोठे असल्याने दुष्काळात गाभण शेळ्यांनाही त्याचा धोका असतो.

जनावरांतील अतिसाराचा इतिहास प्रामुख्याने बुळकांडीचा होता. या रोगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला. १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय व १८८९ मध्ये पुण्यास शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व तेथेच पुढे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बकऱ्यांमध्ये संवर्धित केलेल्या विषाणूची लस तयार केली. २०११ मध्ये जगातून बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे घोषित झाले. वासरांच्या हगवणीचा रोटाव्हायरस १९६९ च्या सुमारास अमेरिकेत मेबस यांनी व त्याच गटातील बालकांचा विषाणू १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप यांनी ओळखला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली रोटासील ही लस गुरांच्या व माणसाच्या विषाणूंच्या संयोगातून सिद्ध झाली असून तिला २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

दुष्काळाचा अनुभव : १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याला मोठी झळ पोचली. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड (सुमारे ४५० ग्रॅ.) धान्यापुरतीच मजुरी ठरविली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी तीस विरोध केला. पुणे सार्वजनिक सभेनेही दख्खनमधील दुष्काळाचे वृत्तांत प्रसिद्ध केले. मद्रासमध्ये अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळात दगावलेल्यांची शवपरीक्षा करून आपली निरीक्षणे १८८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. उपासमारीने आतडे झिजते व मग अन्न मिळूनही ते पचत नाही, असा दुष्काळी अतिसाराचा उलगडा झाला. अतिकुपोषित मुलांना प्रारंभी अल्प व सौम्य आहार देण्याच्या आजच्या पद्धतीमागे हेच तत्त्व आहे.

जनावरांची गतीही अशीच असते. २०१२-१३ व २०१८-१९ च्या टंचाईत सांगोला तालुक्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. कडब्यावर, तोही अर्धपोटी, राहिलेले जनावर एकाएकी उसावर किंवा धान्याच्या खुराकावर आले, की कोठीपोटात लॅक्टिक अम्ल साचते व जनावर पातळ शेण टाकू लागते. छावणीपूर्वी कीटोनमेह आणि छावणीनंतर अतिसार, असा हा क्रम होऊ शकतो. चाऱ्यातील बदल आठ-पंधरा दिवसांत हळूहळू करणे, वाळली वैरण चालू ठेवणे व गाभण जनावरांना आधीपासून खुराक देणे, हे त्यावरील उपाय आहेत.

मूत्रातील कीटोन द्रव्ये पोटात काय पडले नाही ते सांगतात, तर मल शरीरातून काय गेले ते सांगतो. या दोन खुणा वेगळ्या वाचता येऊ लागल्या, तेव्हाच अतिसाराच्या रोग्याला पाणी, मीठ, साखर व अन्न देण्याचा मार्ग खुला झाला. वारंवार दुष्काळास तोंड देणाऱ्या माणदेशासारख्या प्रदेशात हे ज्ञान घराला व गोठ्याला सारखेच उपकारक आहे.