गंजलेल्या गेटवर थेट रंग मारला तर तो का टिकत नाही? रंगाआधी गंज काढण्याची योग्य पद्धत

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात महायुद्धांच्या काळातले आणि १९६५ च्या युद्धातल्या पॅटनसारखे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. रणगाड्याचं पोलाद काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर जाड असतं. त्यावर वरवरचा गंज चढला तरी आतल्या पोलादाला फारसा फरक पडत नाही. आपल्या गेटला लावलेला २० गेजचा पत्रा मात्र जेमतेम ०.९ मिलिमीटरचा असतो. त्याला गंज आरपार खायला फार वर्षं लागत नाहीत. म्हणून गंज वरवरचा असतानाच हात घालावा लागतो.

रंगाखाली नेमकं काय होतं?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. तो मूळ लोखंडापेक्षा कमीत कमी दुप्पट जागा व्यापतो, शिवाय स्पंजसारखा सच्छिद्र असतो. त्यामुळे गंजावर मारलेला रंग लोखंडाला चिकटतच नाही, तो चिकटतो सुट्या भुकटीला. आत अडकलेला ओलावा काम चालूच ठेवतो, गंज फुगतो आणि रंगाला फोड येतात. दिवाळीत रंगवलेलं गेट पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सोडतं ते यामुळे. अशा वेळी दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो!

जिल्ह्यात सगळीकडे गंजाचा वेग सारखा नसतो. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीकडे पावसाळाभर पत्रा वाळतच नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेडला हवा बरीच कोरडी असते. ऊसपट्ट्यातल्या ट्रॉलीची गोष्ट आणखी वेगळी. उसाचा रस मुळातच थोडा आम्लधर्मी, त्यात तो आंबला की जास्त आम्ल तयार होतं आणि साखरेमुळे चिकट ओलावा धरून राहतो. त्यामुळे हंगाम संपल्यावर ट्रॉली आधी भरपूर पाण्याने धुऊन कडक वाळवायची आणि मगच ब्रश हातात घ्यायचा.

आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा

गेटचा खालचा भाग, खांब काँक्रीटमध्ये शिरतो ती जागा, वेल्डिंगचे सांधे आणि पाइपची उघडी टोकं इथे गंज सर्वात आधी धरतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर ते काम रंगाऱ्याचं राहिलं नाही, वेल्डरला बोलवा. लांबी भरून भोक झाकणं म्हणजे आत पाण्याची सोय करून देणं.

पत्रा घट्ट असेल तर सर्वात आधी धूळ, ग्रीस, तेल काढा. साबणाचं पाणी किंवा थिनरचं फडकं चालतं. हे न करता घासलं तर तेल सगळीकडे पसरतं. मग सुटलेले पापुद्रे खरवडून काढा, तारेच्या ब्रशने घासा आणि ८० नंबरचा, नंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. आरशासारखी चमक आणायची नाही. रंगाला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो.

नव्या अँगल-पट्टीवर निळसर काळी, गुळगुळीत साय दिसते. अनेकांना ती संरक्षक वाटते. पण ती कारखान्यात तापलेल्या लोखंडावर आलेली खपली असते, कालांतराने सुटते आणि वरचा रंगही घेऊन जाते. नवं ग्रील करून घेताना ही साय ग्राइंडरने काढायला सांगा.

घासताना चष्मा आणि मास्क हवाच. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे जुना रंग घासताना लहान मुलांना लांब ठेवा आणि पडलेली भुकटी ओल्या फडक्याने गोळा करा.

रीलमधले उपाय

टॉयलेट क्लीनरने गंज झटक्यात निघतो, हे खरं आहे. पण त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे क्लोराइड क्षार खाचांमध्ये राहतात आणि गंज दुप्पट जोमाने परततो. ब्लीचमध्ये तर ते चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रॉकेल किंवा जळकं ऑइल चोपडणं हा गावाकडचा जुना उपाय नांगराच्या फाळाला ठीक आहे. रंग द्यायच्या पत्र्याला नाही, तेलावर रंग धरत नाही.

खाचांतला गंज घासून निघत नसेल तर रस्ट कन्व्हर्टर वापरता येतं. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक आम्ल. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळसर, स्थिर थर बनवतं. अकोल्याच्या डोंगरात मिळणाऱ्या हिरड्यात अशीच टॅनिन असतात, हिरडा आणि लोहक्षारांपासून पूर्वी काळी शाई करत ती याच गुणामुळे. मात्र कन्व्हर्टर सुट्या पापुद्र्यांवर चालत नाही आणि स्वच्छ लोखंडावर त्याचा उपयोग नाही. धुवायचं की नाही, ते डब्यावर वाचा. आम्ल शिल्लक राहिलं तर रंगाला फोड येतात.

प्राइमर त्याच दिवशी

सगळ्यात जास्त चूक इथे होते. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं राहिलं की दवाने पुन्हा तांबूस होतं. संध्याकाळपर्यंत प्राइमर लावून होईल तेवढाच भाग सकाळी घासायला घ्या. झिंक क्रोमेटवाले प्राइमर आरोग्याला घातक असतात, घरासाठी झिंक फॉस्फेटवाला बघा. आधी कडा आणि वेल्डिंगचे सांधे ब्रशने रंगवा, कारण तिथे थर पातळ बसतो. मग बाकीचा भाग.

फॅब्रिकेटर रेड ऑक्साइड मारून गेट देतो आणि बांधकाम संपेपर्यंत ते वर्षभर तसंच उभं राहतं. साधा रेड ऑक्साइड ओलावा पूर्ण अडवत नाही. तो नीट वाळला की काही दिवसांतच वर इनॅमलचे दोन हात द्यायला हवेत. उशीर झालाच असेल तर जिथे तांबूस डाग दिसतील तिथे पुन्हा घासून प्राइमर लावा.

नगरकडे हिवाळ्यात सकाळी पत्र्यावर दव असतं, दहानंतर सुरू करा. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्रा इतका तापतो की ब्रश ओढला जातो, तेव्हा सावलीची वेळ धरा. काम मृग लागायच्या आधी संपवा. आणि पोकळ पाइपच्या तळाशी पाणी निघायला एक छोटं भोक ठेवायला विसरू नका.