कारखाना आधी, महाविद्यालय मागाहून

आपल्या परिसरात शालेय शिक्षणाची सोय चिंचवडच्या श्री फत्तेचंद जैन विद्यालयाने केली होती. पुढचे मात्र पुण्यास. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तरी अभियंता होऊ इच्छिणाऱ्यास पुण्याचीच वाट धरावी लागे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. आयटीआय झालेला मुलगा विद्यावेतन घेत यंत्रावर शिकू लागला. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पदवी दाराशी आली, पण भारी शुल्कासह. व्यापारी घरांना ते पेलले. आयटीआयकडे मात्र त्यांनी उगाच नाक मुरडले. वास्तविक दहावीनंतर पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात आजही प्रवेश मिळतो. चाकणच्या वाहन कारखान्यांत असे पदविकाधारक कितीतरी आहेत.