अलिंद-तंतुकंपन व क्लथनरोधक उपचार

अलिंद-तंतुकंपन व क्लथनरोधक उपचार : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचे (अलिंदांचे) नियमित आकुंचन बंद पडून त्यांच्या स्नायुतंतूंची केवळ अव्यवस्थित थरथर होत राहते, त्या विकारास अलिंद-तंतुकंपन (एट्रियल फिब्रिलेशन) म्हणतात. त्यात नाडी अनियमित होते. धडधड, दम लागणे व थकवा ही लक्षणे आढळतात, तथापि अनेक रुग्णांना काहीच जाणवत नाही. या विकारातील मोठा धोका धडधडीपेक्षा साकळणाऱ्या रक्ताचा असतो. थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाला जोडलेल्या कानाच्या पाळीसारख्या पिशवीत (अलिंदकर्णात), रक्ताचा प्रवाह मंदावतो व त्याचा क्लथ (गुठळी) बनतो. तो सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकला (अंतर्कीलन) म्हणजे अर्धांगवायू होतो. हे टाळण्यासाठी रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणणारी, म्हणजे क्लथनरोधक औषधे देतात. व्यवहारात त्यांना ‘रक्त पातळ करणारी औषधे’ म्हणत असले, तरी त्यांच्यामुळे रक्त पातळ होत नाही. ते गोठण्यास अधिक वेळ लागतो एवढेच. उपचारांनी हृदयाची लय पूर्ववत झाल्यावर ही औषधे चालू ठेवावीत की थांबवावीत, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकापुढे आहे व त्याचे उत्तर वेळोवेळी बदलत आले आहे.

इतिहास : पूर्णपणे अनियमित नाडी जुन्या वैद्यांच्या परिचयाची होती. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग (१७४१–९९) यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांचे गुण वर्णन केले व पुढे सु. दोन शतके हेच अशा नाडीवरील मुख्य औषध राहिले. नासिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांचे १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा विकार येथे वर्णिलेलाच होता असे नव्हे. परंतु त्या काळच्या चिकित्सेची मर्यादा त्यावरून लक्षात येते. राजधानीच्या शहरातील वैद्याजवळही तेव्हा नाडीवरचे बोट, श्रवणनलिका, डिजिटॅलिस व काही नायट्राइटे यांपलीकडे फारसे साधन नव्हते. व्हिलेम आइंटहोव्हेन (१८६०–१९२७) यांचे हृदयाच्या विद्युत् प्रवाहांची नोंद करणारे उपकरण त्याच सुमारास हॉलंडमध्ये आकाराला येत होते. या उपकरणाच्या साहाय्याने १९०९ मध्ये लंडन येथे टॉमस ल्यूइस यांनी आणि व्हिएन्ना येथे रोटबेर्गर व विंटरबेर्ख यांनी अनियमित नाडीचे कारण अलिंदांचे तंतुकंपन हेच असल्याचे दाखवून दिले.

लय पूर्ववत करण्याचा पहिला उपाय एका रुग्णानेच सुचविला, असे म्हणावे लागेल. कारेल वेंकेबाख (१८६४–१९४०) या डच वैद्यांकडे आलेल्या एका व्यापाऱ्याने आपली बिघडलेली नाडी क्विनीन घेतल्याने ताळ्यावर येते असे त्यांना सांगितले. वेंकेबाख यांनी ते १९१४ मध्ये नोंदविले. हिवतापावरील या परिचित औषधाचे भावंड असलेले क्विनिडीन अधिक प्रभावी असल्याचे व्हाल्टर फ्राय यांना १९१८ मध्ये आढळले. मात्र क्विनिडिनाने लय सुधारल्यानंतर काही रुग्णांना अकस्मात अर्धांगवायू झाल्याचे वृत्तांत १९२०–३० या दशकात येऊ लागले. जे साध्य करावयाचे तेच अनर्थाचे निमित्त ठरावे, ही गोष्ट तेव्हाच्या वैद्यांना चकित करणारी होती. त्यावर उपाय म्हणून देता येईल असे औषध त्या वेळी उपलब्ध नव्हते.

क्लथनरोधकांपैकी हेपारीन प्रथम सापडले. जे मक्‌लेन या विद्यार्थ्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये रक्त गोठविणारा पदार्थ शोधत असता नेमका उलट गुणाचा पदार्थ मिळाला. हे औषध अंतःक्षेपणाने (सुई टोचून) द्यावे लागत असल्याने दीर्घकाळच्या उपचारास गैरसोयीचे होते. पोटात घेण्याजोगे औषध गुरांच्या गोठ्यातून आले. उत्तर अमेरिकेत १९२०–३० या दशकात मेथी व लसूणघास यांच्या कुलातील स्वीट क्लोव्हर हा बुरशी लागलेला चारा खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापणे वा खच्ची करणे यांसारख्या किरकोळ शस्त्रक्रियांनंतरही रक्त थांबेना. एफ्‌. डब्ल्यू. स्कोफील्ड यांनी बुरशी लागलेल्या चाऱ्याशी याचा संबंध जोडला आणि एल्‌. एम्‌. रोडरिक यांनी रक्तातील प्रोथ्राँबीन घटल्याचे दाखविले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून सु. ३०० किमी. प्रवास करून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि बुरसटलेला चारा घेऊन मॅडिसन येथे कार्ल पॉल लिंक (१९०१–७८) यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. चारा बदलावा, यापेक्षा अधिक काही सांगण्याजोगे लिंक यांच्याजवळ त्या दिवशी नव्हते. १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत त्यातील विषारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे करण्यात आले. तेच डायकुमारॉल होय.

डायकुमारॉलाच्या कुटुंबातील अधिक प्रभावी संयुग १९४८ मध्ये बाजारात आले, ते उंदीर मारण्यासाठी. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉर्फरीन ठेवण्यात आले. अमेरिकन सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने १९५१ मध्ये आत्महत्येच्या हेतूने हे उंदराचे औषध घेतले, पण के जीवनसत्त्व दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. विषाला उतारा आहे हे त्यावरून स्पष्ट झाले व १९५४ मध्ये माणसांसाठी वॉर्फरिनास मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझनहौअर यांना ते देण्यात आले. ऊसपट्ट्यात व धान्याच्या कोठारांत उंदरांसाठी वापरले जाणारे ब्रोमाडिओलोन हे याच कुटुंबातील असून त्याची विषबाधा झाल्यास उतारा म्हणून के जीवनसत्त्वच दिले जाते. वॉर्फरीन घेणाऱ्या रुग्णास ‘आपल्याला उंदराचे औषध देतात’ असे कोणी सांगितले, तर ते अगदी खोटे नसते. पण मात्रेमुळे विषाचे औषध होते, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात नसते.

लय व क्लथ : आयर्व्हिंग राइट व फोली यांनी संधिज्वरजन्य हृदयविकारातील अंतर्कीलनावर डायकुमारॉल वापरल्याचे १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ मध्ये एकदिश विद्युत् प्रवाहाच्या धक्क्याने लय पूर्ववत करण्याची पद्धत प्रचारात आणली, तेव्हा क्विनिडिनाच्या काळातील जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. नॉर्वेतील ब्येर्केलुंड व ऑर्निंग यांनी १९६९ मध्ये दिलेली आकडेवारी बोलकी आहे : धक्क्यानंतर अंतर्कीलन होण्याचे प्रमाण क्लथनरोधक घेणाऱ्यांत ०·८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५·३ टक्के होते. याचे कारण पुढे स्पष्ट झाले. हृदयाच्या आलेखावर लय सुधारलेली दिसली, तरी अलिंदाचा स्नायू काही दिवस ते काही आठवडे बधिर राहतो व त्यात रक्त साकळतच असते. म्हणून धक्क्यापूर्वी तीन आठवडे व नंतर किमान चार आठवडे औषध देण्याचा प्रघात पडला. चार आठवड्यांनंतर मात्र लय टिकून असेल, तर औषध बंद करण्यास हरकत नाही, असे सर्रास मानले जाई.

झडपा निरोगी असलेल्यांनाही या विकारात धोका असतो हे १९७८ मध्ये फ्रेमिंगहॅम येथील पाहणीने दाखविले : अशा रुग्णांत पक्षाघाताची शक्यता पाचपटींहून अधिक, तर संधिज्वराने झडपा बिघडलेल्यांत सु. सतरा पट आढळली. त्यानंतर १९८९ ते १९९२ या काळात झालेल्या पाच चाचण्यांतून वॉर्फरिनाने हा धोका सु. दोन तृतीयांशाने घटतो हे निश्चित झाले. २००२ मध्ये ४,०६० रुग्णांवरील ‘ॲफर्म’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि चार आठवड्यांच्या समजुतीला तडा गेला. तीत काहींची लय औषधांनी पूर्ववत ठेवली होती, तर काहींचा केवळ नाडीचा वेग आवरला होता. लय राखलेल्या गटात पक्षाघात कमी होतील अशी अपेक्षा होती; ते कमी झाले नाहीत. दोन्ही गटांत ज्यांना मेंदूतील रक्तपुरवठा अडून झटका आला, त्यांपैकी बहुतेकांनी वॉर्फरीन थांबविले होते किंवा त्यांच्यात त्याचा परिणाम अपुरा होता. लय बरी झाली म्हणजे रोग गेला, ही समजूत त्यांना भोवली. तंतुकंपनाचे झटके अनेकदा न जाणवता येतात. शिवाय वय, रक्तदाब, मधुमेह इत्यादींनी अलिंदाचे ऊतकच बिघडलेले असते. कातडीखाली बसविलेल्या गतिकारकांच्या नोंदी पाहता, पक्षाघाताच्या आधीच्या महिन्यात तंतुकंपन झालेच नव्हते असे रुग्ण बरेच निघाले.

यामुळे निर्णयाचा आधार बदलला. औषध चालू ठेवावे की नाही हे आज लय कशी आहे यापेक्षा रुग्णाच्या एकूण जोखमीवरून ठरवितात. हृदयाची दुर्बलता, उच्च रक्तदाब, मधुमेह, रोहिण्यांचा विकार व ६५ वर्षांवरील वय यांना प्रत्येकी एक गुण, तर ७५ वर्षांवरील वय व पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात यांना दोन गुण देतात. स्त्रियांना एक गुण अधिक देण्याची पद्धत होती. २०२४ च्या यूरोपीय मार्गदर्शनाने ती सोडली. दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव असतो. जठरातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, अनावर रक्तदाब, मद्यपान, वेदनाशामक गोळ्यांचे नित्य सेवन यांनी तो धोका वाढतो. यांपैकी बरीच कारणे दूर करता येतात, म्हणून ती औषध बंद करण्याचे निमित्त ठरण्याआधी सुधारून पाहणे इष्ट असते.

फ्रान्समधील मिशेल आयसागेर व सहकारी यांनी १९९८ मध्ये तंतुकंपनाचा उगम बहुधा फुप्फुस नीलांच्या तोंडाशी असतो असे दाखविले. त्यानंतर मांडीच्या नीलेतून नलिका घालून तो भाग जाळण्याची वा गोठविण्याची क्रिया (ॲब्लेशन) रूढ झाली. तीनंतर निदान दोन ते तीन महिने औषध द्यावे व पुढे जोखमीनुसार ठरवावे, असे २०२३ चे अमेरिकन व २०२४ चे यूरोपीय मार्गदर्शन आहे. ‘क्रिया यशस्वी झाली, मग गोळी कशाला’ हा रुग्णाचा प्रश्न मात्र रास्त असून त्याची थेट तपासणी २०२५ मध्येच झाली. क्रियेनंतर वर्षभर तंतुकंपन पुन्हा न आढळलेल्या ८४० रुग्णांवरील दक्षिण कोरियातील चाचणीत औषध थांबविणाऱ्यांत पक्षाघात वाढले नाहीत व रक्तस्राव कमी झाले. १,२८४ रुग्णांच्या दुसऱ्या, बहुराष्ट्रीय चाचणीत रिव्हारोक्साबान व ॲस्पिरीन यांच्या गटांत पक्षाघातादी घटनांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांत त्या थोड्याच होत्या. काळजीपूर्वक निवडलेल्या रुग्णांना औषध सोडणे शक्य आहे असे यावरून दिसते. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्यांविषयी इतके निश्चयाने बोलता येत नाही.

भारतातील परिस्थिती : या चाचण्यांचे निष्कर्ष भारतीय रुग्णाला सरसकट लावता येत नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नोंदवहीत तंतुकंपनाच्या भारतीय रुग्णांपैकी ३१·५ टक्क्यांना संधिज्वरजन्य हृदयविकार होता. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण २·२ टक्के होते. द्विदल झडप आकुंचित झालेल्या अशा रुग्णांत फुग्याने झडप रुंद केली वा लय सुधारली, तरी तंतुकंपन होऊन गेलेले असल्यास क्लथनरोधक सामान्यतः जन्मभर घ्यावे लागते. त्यांना २००९ नंतर आलेली नवी औषधेही चालत नाहीत. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील सु. ४,५०० रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत रिव्हारोक्साबानापेक्षा वॉर्फरिनाच्या वर्गातील जुनी औषधेच सरस ठरली व मृत्यूही त्यांनी कमी झाले. धातूची वा तत्सम यांत्रिक झडप बसविलेल्यांनाही, उदा., तिरुअनंतपुरम येथे १९९० मध्ये प्रथम बसविलेली चित्रा झडप, हाच नियम लागू पडतो.

जुन्या औषधांची अडचण मात्रेची आहे. प्रोथ्राँबीन काल या चाचणीवरून काढलेला आंतरराष्ट्रीय गुणोत्तराचा आकडा (आयएनआर, १९८३ पासून रूढ) साधारणतः २ ते ३ यांमध्ये राखावा लागतो. त्याखाली क्लथाची व वर गेल्यास रक्तस्रावाची भीती असते. निफाडसारख्या तालुक्यात ही गोष्ट सोपी नसते. द्राक्षाची छाटणी व तोडणी, कांद्याची काढणी आणि उसाची तोड या हंगामांत तपासणीची तारीख टळते. नासिक तेथून सु. ४० किमी. असल्याने तज्ञाकडे एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते. मेथी, पालक, शेपू या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असल्याने त्यांचे प्रमाण एकदम वाढले तर आकडा खाली येतो आणि उपवासाच्या दिवसांत जेवण घटले तर वर जातो. भाज्या वर्ज्य करण्याची गरज नसते. त्या नेहमी सारख्या प्रमाणात खाव्यात इतकेच. क्षयावरील रिफॅम्पिसिनाने औषधाचा परिणाम बराच घटतो, तर मेट्रोनिडाझोलाने वाढतो. म्हणून दुसऱ्या आजारासाठी दुसऱ्या वैद्याकडे जाताना हे औषध चालू असल्याचे सांगावे लागते. औषधांच्या माहितीपत्रकांत ‘ग्रेपफ्रूट’ टाळण्याची सूचना असते, तिचा द्राक्षांशी संबंध नाही. ते पपनसाच्या जातीचे लिंबूवर्गीय फळ होय. द्राक्षांत के जीवनसत्त्व थोडेच असल्याने बागायतदार रुग्णाने आपल्याच मळ्यातील द्राक्षे खाण्यास प्रत्यवाय नसतो.

तपासणी नियमित होत नाही म्हणून आकडा वारंवार ढळत असेल, तर झडपेचा विकार नसलेल्या रुग्णास नवी औषधे अधिक सोयीची ठरतात. त्यांना आकड्याची तपासणी लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचे कार्य अधूनमधून पाहावे लागते आणि त्यांचा परिणाम दिवसभरात ओसरत असल्याने एकदोन गोळ्या चुकल्या तरी संरक्षण राहत नाही. दात काढणे वा शस्त्रक्रिया यांसाठी थांबविलेली गोळी पुन्हा सुरू करावयाची राहून जाते, असेही घडते. थांबविणाऱ्याने पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच कागदावर लिहून देण्याची पद्धत त्यासाठीच आहे.