पोपटाच्या पिल्लाचा घास

पोपटाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि अंग जवळजवळ उघडे असते. आपल्याकडचा नेहमीचा पोपट, म्हणजे गळ्यावर गुलाबी कंठ असलेला राघू, झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मादी ती सुमारे २२ ते २४ दिवस उबवते आणि पिल्ले साधारण सात आठवड्यांनी उडतात. तोवर त्यांना आईबापांच्या चोचीतूनच घास मिळतो. दाणा किंवा फळ आधी मोठ्या पक्ष्याच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत मऊ होते, तिथली ऊब घेते आणि मग पिल्लाच्या चोचीत ओकले जाते. हा ओला, कोमट घास माणसाच्या हातून सहजासहजी जमत नाही, म्हणून घरी आणलेले पिल्लू खाईनासे होते. पोपट पाळण्याचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. या अडचणीचे नेमके उत्तर मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतच हाती आले.

पाळीव पोपटाचे जुने उल्लेख बहुतेक त्याच्या बोलण्याविषयीचे आहेत. इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियस याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानी बोली बोलणाऱ्या पक्ष्याची नोंद केली. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील ६४ कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला आहे. रोममध्ये प्लिनी या लेखकाने गळ्यावर लाल कंठ असलेल्या हिरव्या पक्ष्याचे वर्णन केले आणि शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, असेही लिहिले. हा पक्षी काय खातो आणि पिल्लू कसे जगवावे, याची विचारपूस या लेखकांनी फारशी केलेली नाही.

अपवाद आहे तो सातव्या शतकातील बाणभट्टाचा. त्याच्या ‘कादंबरी’ची बरीचशी कथा वैशंपायन नावाचा पोपट सांगतो आणि तिची सुरुवात त्याच्या पिल्लूपणापासून होते. विंध्यारण्यात पंपा सरोवराच्या काठी एक प्रचंड शाल्मली वृक्ष आहे. त्याच्या ढोलीत पिल्लू जन्मते आणि आई तेव्हाच मरते. बाप इतका म्हातारा झालेला आहे की त्याला उडवत नाही. दुसऱ्यांच्या घरट्यांतून पडलेल्या साळीच्या लोंब्यांतले तांदळाचे कण आणि इतर पोपटांनी कुरतडून टाकलेले फळांचे तुकडे तो गोळा करतो, पिल्लाला भरवतो आणि उरेल ते स्वतः खातो. पुढे एक शबर, म्हणजे रानातला शिकारी, झाडावर चढून पोपट मारू लागतो, त्यात बापही मरतो. वाळलेल्या पानांच्या ढिगावर पडल्यामुळे पिल्लू वाचते आणि भर दुपारी तहानेने व्याकूळ होऊन सरपटू लागते. जाबालि ऋषींचा मुलगा हारीत त्याला उचलून पाण्याकाठी नेतो, चोच वर करून बोटाने काही थेंब पाजतो आणि कमळाच्या पानाच्या सावलीत ठेवतो.

हा प्रसंग काव्यातला असला तरी लिहिणाऱ्याने पिल्लू जवळून पाहिले असावे असे वाटते. हारीत त्याच्या चोचीत दाणा कोंबत नाही. आधी पाणी आणि सावली, अन्नाचा विचार मागाहून, हा त्याचा क्रम आहे. मलूल पिल्लासाठी आजचे पक्षिवैद्यही हाच क्रम सांगतात. शरीराचे तापमान आणि पाणी सावरल्याखेरीज अन्नपिशवी काम करत नाही, आणि अशा वेळी जबरदस्तीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. उन्हात होरपळलेल्याला सावली लागते आणि गारठलेल्याला ऊब, एवढाच काय तो फरक.

पाळण्यासाठी पोपट मोठेपणीही धरत. झाडाला टांगलेल्या नळीवर पोपट बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि सोडून देण्याऐवजी ती अधिकच घट्ट धरतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा दृष्टांत आहे, म्हणजे १२९० च्या सुमारास ही युक्ती श्रोत्यांच्या परिचयाची होती. पण मोठा पोपट क्वचितच माणसाळतो आणि बोलायला तर पिल्लूच लागते. म्हणून पुढे व्यापाराची सारी ओढ ढोलीतल्या पिल्लांकडे राहिली. ती पिसे फुटण्याआधी काढली जात आणि टोपल्यांतून शहरांच्या बाजारांत पोचत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातली पक्ष्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. विकत घेणारा प्रेमानेच भरवी: भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुधात कुस्करलेली पोळी, पेरूची फोड, मिरची. मिरचीने अपाय होत नाही, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. दूध मात्र त्यांना पचत नाही, आणि थंड, घट्ट काला पिल्लाच्या अन्नपिशवीत तसाच राहून आंबतो. मग पिल्लू चोच मिटून घेई आणि घरचे लोक म्हणत, त्याला नजर लागली.

पोपटाच्या आजारपणाकडे सरकारांचे लक्ष गेले ते भीतीपोटी. १९२९-३० मध्ये अर्जेंटिनातून आलेल्या पोपटांबरोबर ‘सिटॅकोसिस’ हा रोग युरोप-अमेरिकेत पसरला आणि माणसे दगावली. पिसे फुगवून बसलेला, खाणे सोडलेला पोपट घरच्यांनाही आजारी पाडू शकतो, हे तेव्हा सर्वांना कळले आणि आयातीवर बंदी आली. रोग ओळखण्याचे शास्त्र पुढे गेले, आहाराचे मात्र मागेच राहिले.

ती उणीव भरून निघाली १९८० च्या दशकात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात टॉम राउडीबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकाटील या जातीच्या पोपटाची पिल्ले हाताने वाढवून आहार मोजून पाहिला. पहिल्या तीन-चार दिवसांत पिल्लाला ९० टक्क्यांहून अधिक पाणी असलेली पेज लागते. पुढे ती घट्ट करत पाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आणता येते. कोरड्या अन्नात सुमारे २० टक्के प्रथिने असली की वाढ चांगली होते. घरोघरची पिल्ले कशाने मरत होती, याचा बराच उलगडा या आकड्यांनी केला. घास ३९ ते ४१ अंश सेल्सिअस इतका कोमट हवा, हेही पाळणाऱ्यांत रूढ झाले. त्याहून गार घास पिल्लू नाकारते आणि फार गरम घासाने अन्नपिशवी भाजते. आधीचा घास उतरल्यावरच पुढचा द्यायचा आणि रोज सकाळी उपाशीपोटी ग्रॅममध्ये वजन करायचे, ही शिस्तही रुळली.

वजनाच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. उडण्याच्या वयात आलेले पिल्लू आपणहून घास कमी करते आणि त्याचे वजन थोडे उतरते. पंख हलवण्याकडे लक्ष असलेले, तरतरीत पिल्लू आजारी नसते. त्याच्यापुढे मऊ फळे, मोड आलेली कडधान्ये आणि भिजवलेले दाणे ठेवून वाट पाहायची असते. घसरण थांबत नसेल, पिल्लू पेंगत असेल किंवा विष्ठा हिरवी, पाण्यासारखी होत असेल तर त्याच दिवशी पक्षिवैद्याकडे न्यावे लागते.

भारतात आता कायद्याने पिल्लू वाढवण्याचा प्रश्न दोन भागांत विभागला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. ढोलीतून पडलेले राघूचे पिल्लू सापडले तर ते उबदार खोक्यात ठेवून वन विभागाला कळवायचे असते. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घरात पाळले जातात ते कॉकाटील, लव्हबर्ड, बजरीगर असे परदेशी मूळ असलेले पक्षी. त्यांची पिल्ले पिंजऱ्यातच जन्मतात आणि शक्य असेल तिथे त्यांना आईबापांच्या चोचीतूनच घास मिळू द्यावा, असा पक्षिवैद्यांचा सल्ला असतो.