वेब साच्यातील पदावली-भाषा
वेबपानाच्या टेम्पलेटमध्ये, म्हणजे साच्यात, माहिती भरण्यासाठी लिहिलेल्या सूत्रांच्या भाषा. एकाच साच्यात त्या एकाहून अधिक असू शकतात. प्लोन या संकेतस्थळ-प्रणालीत सूत्राआधीचा उपसर्ग भाषा ठरवतो. उपसर्ग नसेल तर सूत्र माहितीपर्यंतचा मार्ग मानले जाते. ‘पायथन:’ लिहिल्यास आकडेमोड होते, ‘स्ट्रिंग:’ने मजकूर जुळवला जातो.

समजा, चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या पुरवठादाराचे बिल असे बनवायचे आहे. भागाचे नाव मार्गाने येईल, नग गुणिले दर पायथन करेल, ‘एकूण रुपये’ ही ओळ स्ट्रिंग जुळवेल. सोय मोठी, पण करांचा सगळा हिशेब साच्यात कोंबला की दुरुस्ती करणाऱ्याचे हाल होतात. तो हिशेब मूळ प्रोग्राममध्येच शोभतो.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत वेबपाने बनवण्याच्या जेएसपी आणि जेएसएफ या तंत्रांच्या पदावली-भाषा वेगळ्या होत्या. २००६ मध्ये जावा ईई ५ या आवृत्तीने त्या एकत्र आणल्या. थायमलीफ हे जावातील साचा-साधन मुळात ओजीएनएल ही पदावली-भाषा वापरते, स्प्रिंग या जावा चौकटीसोबत मात्र स्प्रिंगचीच भाषा.